ठिपक्यानं आलेला मेहुणा

अख्ख्या वसई तालुक्यात स्वतःच्या मर्जीनं एक पाऊलही न टाकलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझा मेहुणा. तुम्ही-आम्ही बाजारात जातो, देवळात जातो, घरात करमेनासं झालं की उठून समुद्रावर जातो. हा असा कधी कुठं गेलाच नाही. ह्याला ठिपका न्यायचा. गेल्या भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघांनी जे शेवटचं काम केलं तेही ठिपक्याचंच. तो माझ्या स्वयंपाकघरात उकिडवा बसून टेपचं एक टोक फरशीवर दाबून धरत होता, आणि मी ह्या वयात दुसरं टोक घेऊन मागच्या दारानं कढीलिंबाच्या झाडापर्यंत चाललो होतो. "ताणा दाजी, ताणा, झोळ पडलाय," असं तो आतून ओरडत होता, आणि "झोळ तुझ्या डोक्यात पडलाय," असं मी बाहेरून. दर वर्षी असंच चालायचं. हे शेवटचं आहे असं वाटायला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता, आणि त्याचा एक ठिपका कुठं ठेवायचा हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. ते कसं पडलं ते सांगायचं तर आधी त्याचा ठिपका म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला जसं कळलं तसंच सांगणार, जास्त शहाण्यांनी नाक मुरडू नये.

मेहुणा म्हटलं तरी तो बायकोचा सख्खा भाऊ नव्हे, चुलतही नव्हे. तो मूळ देशावरचा. मुंबईला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि माणिकपूरला स्टेशनजवळ फ्लॅट घेऊन एकटाच राहिलेला. निवृत्त झाल्यावर माणसं औषधांच्या वेळा पाठ करतात, ह्यानं झाडं मोजायला घेतली. निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंतच्या वाड्यांत कुठलं झाड कुठं उभं आहे, त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी कोण, झाडं घोळका करून उभी आहेत की एकमेकांपासून फटकून, आणि वाड्या जाऊन इमारती आल्या की हा शेजार कसा बदलतो, असा त्याचा अभ्यास. आता एवढ्या मुलखातली सगळी झाडं मोजायची तर सात जन्म पुरायचे नाहीत. म्हणून हा संगणकाला सांगायचा, बाबा रे, डोळे मिटून नकाशावर ठिपके टाक. ठिपका पडेल तिथं ह्यानं जाऊन उभं राहायचं, सगळ्यात जवळचं झाड बघायचं, तिथपर्यंत अंतर मोजायचं, त्या झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, मग त्या झाडाचा शेजारी शोधायचा. "छातीच्या म्हणजे कुणाच्या?" मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. "तुझ्या छातीला माझं पोट लागतं." त्यानं न हसता हातातली काठी दाखवली. काठीवर लाल रंगाची खूण होती. जगात कुठंही गेलं तरी झाडाची छाती त्याच उंचीवर धरतात म्हणे.

मी म्हटलं, अरे मास्तर, डोळे मिटून ठिपके टाकण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून चार चांगल्या जागा निवड की. तर म्हणाला, "माझं मन लबाड आहे, दाजी. त्याला निवडायला सांगितलं की ते सावलीची जागा निवडतं, रस्त्यालगतची निवडतं, कुत्रं नसलेली निवडतं. मग उत्तरही सावलीतलंच येतं." हे मला पटलं, कारण माझं मनही तसंच आहे. पण खोड्या काढायची सवय, म्हणून मी त्याच्या गळ्यातल्या यंत्राकडं बोट दाखवलं. ठिपक्याची जागा ते यंत्र आकाशातल्या उपग्रहाला विचारून सांगायचं, आणि ते चार-दोन पावलं इकडचं तिकडं दाखवतं हे त्यानंच मला सांगितलं होतं. "मग तू तरी एवढा जीव कशाला काढतोस? चुकतंच आहे तर सावलीत चूक." तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलो नाही. "चार-दोन पावलांची चूक यंत्रातच असते, दाजी. पण यंत्राची चूक आंधळी. माझी झाली तर ती डोळस. आंधळी चूक चालते, डोळस चालत नाही."

आणि खरोखर त्याला चालत नसे. निर्मळला त्याचा ठिपका एका गोठ्यात पडला, तोही बसलेल्या म्हशीच्या बरोबर पोटाखाली. हा छत्री बगलेत मारून, पँट मोज्यांत खोचून म्हशीपुढं उभा. म्हैस रवंथ करत ह्याच्याकडं बघते आहे आणि हा म्हशीकडं. मालकानं खूप वेळ पाहिलं आणि शेवटी सांगून टाकलं, "मास्तर, म्हस विकायची नाय." म्हैस आपल्या वेळेनं उठली, तेव्हा कुठं ह्यानं खाली वाकून खडूची खूण केली. आमच्या नंदाखाल गावातल्या एका लग्नात तर ठिपका मांडवात निघाला, बँडवाल्याच्या मोठ्या ढोलाखाली. लग्न उरकल्यावर ये म्हणून मी परोपरीनं सांगितलं. त्याचं म्हणणं, आज ह्या जागेची पाळी आहे तर आजच. तो ढोलाला खेटून उभा राहिला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये आजही नवरीच्या काकांपेक्षा ह्याचेच फोटो जास्त आहेत, प्रत्येकात हातात काठी आणि तोंड झाडाकडं.

अर्नाळ्याला किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, त्या बांबूंच्या खाली भर उन्हात जाऊन हा उभा राहिला, तेव्हा मी बरोबर होतो. तिथली एक म्हातारी मासळी परतत होती. ती म्हणाली, "मास्तर, हितं झाड नाय, पान नाय, हितं नुसती मासली. काय मोजतोस?" हा म्हणाला, "झाड नाही हेही मोजायचं असतं, मावशी." म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे आहे ते असं आहे. "बरं मोज," ती म्हणाली. "पन दोन पावलं हिकडं सावलीत ये, पानी पी, नि मंग मोज. तुझं झाड काय पलून जातंय?" हा ऊन खात तसाच उभा. "एक ठिपका सरकवला मावशी, तर बाकीचे सगळे खोटे होतात." म्हातारीनं मग पाण्याचा तांब्या त्याच्यापर्यंत नेऊन दिला आणि जाता जाता मला म्हणाली, "घरचं कोन नाय वाटतं ह्याला."

घरचं खरंच कोणी नव्हतं. लग्न का केलं नाहीस असं मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाला, निवड करायची वेळ आली की मला घाम फुटतो. आणि हे नुसतं लग्नापुरतं नव्हतं. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम चिठ्ठ्या असायच्या. माणिकपूरच्या बाजारात भाजीवालीपुढं उभा राहून हा चिठ्ठी काढायचा आणि कारलं निघालं की तोंड वाकडं करून कारलं घ्यायचा. हॉटेलात गेला की डोळे मिटून पाटीवर बोट ठेवायचा. एकदा बोट पाटीच्या खाली 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ह्यावर पडलं, तर त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन आला. त्याच्याकडं एक जांभळा शर्ट होता. तो शर्ट कुठल्याही शुद्धीतल्या माणसानं निवडला नसता, आणि त्यानंही निवडला नव्हता. मी हसायचो, पण मनात म्हणायचो, ह्या माणसानं आयुष्यात एकदा तरी 'मला हे पाहिजे' असं म्हटलं असेल का.

तर हा माझा मेहुणा कसा झाला ते. आमच्या हिला भाऊ नव्हता. भाऊबीजेला ही स्वयंपाकघरात पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, आणि पाट तसाच रिकामा राहायचा. संध्याकाळी चंद्राची कोर दिसली की तबक घेऊन बाहेर जायची आणि चंद्राला ओवाळायची. भाऊ नसला की बायका तसंच करतात. मी एकदा म्हटलं होतं, चंद्रालाच ओवाळायचं तर पाट कशाला मांडतेस, तो काय खाली उतरून बसणार आहे? ही म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." नाहीच कळलं.

अशाच एका भाऊबीजेला, मी दुपारचा पडवीत झोपाळ्यावर पडलेलो, तर हा जांभळा शर्ट आमच्या घराच्या बाजूच्या अंगणात शिरला. तुळशीपाशी बराच वेळ घुटमळला. यंत्राकडं बघे, तुळशीकडं बघे, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघे. मला वाटलं मीटर बघणारा आहे. हिनं दारातून विचारलं, कोण पाहिजे? तर हा म्हणाला, "माफ करा, माझा एक ठिपका तुमच्या स्वयंपाकघरात पडलाय."

मी झोपाळ्यावरनंच ओरडलो, "तुझा ठिपका उचल आणि कुंपणाबाहेर टाक." पण ही बाजूला झाली. हा चपला काढून आत गेला, आणि जिथं जाऊन उभा राहिला तिथं पाट होता. आता पाटापुढं उभ्या असलेल्या माणसाला, त्या दिवशी, त्या बाईनं दुसरं काय म्हणावं? ती म्हणाली, "बसा." हा बसला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, करंजी हातावर ठेवली. ह्याला ओवाळणीत पैसे घालायचे असतात तेही ठाऊक नसावं, कारण त्यानं खिशातून खडू काढून तबकात ठेवला. ही इतकी हसली की निरांजन विझता विझता राहिलं. त्या दिवसापासून ती त्याला "भाऊ, अरे भाऊ" करू लागली, आणि तो तिला "ताई, अहो ताई." मला तो दाजी म्हणायचा, त्यांच्या देशावर तसं म्हणतात. मी म्हणायचो मास्तर. संध्याकाळी ही चंद्र बघायला बाहेर गेलीच नाही. इतक्या वर्षांचा तिचा चंद्र त्या दिवशी तसाच मावळला.

मग दर भाऊबीजेला हा यायचा. पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि टेप काढायचा. स्वयंपाकघरातल्या त्या ठिपक्यापासून सगळ्यात जवळचं झाड म्हणजे मागच्या दाराबाहेरचा कढीलिंब. तो हिनंच लावलेला, लग्नानंतर पहिल्या पावसात. त्याचा घेर किती वाढला ते मोजायचं, आणि ही दारात उभी राहून झाडाच्या वतीनं उत्तरं द्यायची. "ह्या वर्षी अंग धरलंय ना भाऊ?" "धरलंय ताई." "तुझ्या दाजींपेक्षा बरं आहे मग." एकदा टेप शेगडीजवळनं गेला आणि चिकटला. तेव्हापासून मोजणी चालू असेपर्यंत तळणं बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि माझ्या वड्या तासभर कच्च्या राहू लागल्या.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरनं व्हायचं. ही रोज सकाळी तुळशीपुढं ठिपक्यांची रांगोळी काढायची. ठिपके असे की सुतारानं आखून द्यावेत. एकदा ह्यानं आपला नकाशा तिच्यापुढं पसरला. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हे ठिपके असे उधळलेत का? ह्यातून रांगोळी कशी निघायची?" हा म्हणाला, "निघेल ताई, पण कसली निघाली ते मला शेवटी कळणार." "त्यापेक्षा माझं बरं, मला आधीच कळतं." तर हा गंभीर होऊन म्हणाला, "ताई, तुमच्या ठिपक्यांसारखी झाडं फक्त माणूस लावतो. दाजींच्या नारळांकडं बघा, कवायतीला उभे केल्यासारखे. आपोआप उगवलेलं कधी असं ओळीत उभं राहत नाही." हिनं नकाशा परत गुंडाळून दिला. "मग तू आपोआप उगवलेला आहेस," म्हणाली.

त्याचं आणखी एक वेड सांगतो, कारण त्यात तो आपटला. त्याचं म्हणणं, जवळजवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या असतात, जितक्या लांब तितक्या वेगळ्या. तेव्हा भोवतालच्या चार जागा माहीत असल्या की मधल्या न पाहिलेल्या जागेचा अंदाज काढता येतो. मी म्हटलं, काढून दाखव. आमच्या कुंपणापलीकडं आंतोनची वाडी. मेहुण्यानं आंतोनच्या चारी बाजूंच्या घरांत जाऊन चहा घेतला. आमच्याकडं सगळेच गोडघाशे. मग आमच्या ओट्यावर बसून त्यानं कागदावर काहीतरी मांडलं आणि जाहीर केलं की आंतोनच्या घरचा चहा चांगला गोड निघणार. आम्ही तिघं मिरवणूक काढल्यासारखे गेलो. आंतोनच्या बायकोनं चहा आणला. त्यात साखरेचा कणही नव्हता, कारण आंतोनला गोड लघवीचा आजार निघाला होता आणि तिनं घरातली साखरच बंद केली होती. मेहुण्यानं तो चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. परत येताना कुंपणापाशी थांबून म्हणाला, "दाजी, मधुमेह मी धरलाच नव्हता." ही पदर तोंडाला लावून घरापर्यंत हसत आली. नंतर कितीतरी दिवस आमच्याकडं काही अंदाज चुकला की ही म्हणायची, मधुमेह धरला नाही वाटतं.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात ही गेली. आजारपण थोडक्यात आटपलं, तिच्या सगळ्या कामांसारखं. लोक भेटायला येत. मी पडवीत खुर्चीवर बसायचो आणि लोक भिंतीला लागून बसायचे. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. पण माझ्याजवळची सतरंजी रिकामी राहायची. मेहुणा आला, दारात उभा राहिला, त्यानं सगळ्यांवरनं नजर फिरवली, आणि नुसती सवय म्हणून बोलून गेला, "दाजी, तुमच्याभोवती मोकळी जागा पडलीय." मग येऊन माझ्या पायाशी, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. तिथंच बसून राहिला. त्याला चिठ्ठी काढावी लागली नाही. माझ्या मुलानं, विरारला फ्लॅट घेऊन राहतो तो, त्याला वर खुर्ची देऊ केली तर म्हणाला, नको, इथं बरोबर आहे.

खरं सांगायचं तर मला तेव्हा एकच धास्ती होती. हा हिच्यामुळं आलेला माणूस. ही नाही तर हा कशाला येईल? मुलगा रविवारी येतो, आईविषयी बोलणं काढलं की मोबाइलमध्ये तोंड घालतो, त्याला सोसत नाही. हिच्याविषयी सहज बोलणारा, हिचं बोलणं हिच्यासारखंच बोलून दाखवणारा हा एकटाच उरला होता. त्या वर्षीची भाऊबीज आली. दुखवट्याचं वर्ष, सण नव्हताच. मी मुद्दाम झोपाळ्यावर दाराकडं पाठ करून पडलो. तर जांभळा शर्ट आला. "टेप धरा," म्हणाला. मी विचारलं, "आता कशाला?" तो म्हणाला, "ठिपका कुठं गेलाय? ठिपका आहे तिथंच आहे." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याच्या शास्त्राविषयी आदर वाटला. मोजून झाल्यावर त्यानं कागदावर कढीलिंबाचा घेर लिहिला, आणि मी बघितलं, झाडाच्या नावापुढं कंसात लहान अक्षरात 'ताईंचा' असं लिहिलेलं होतं. प्रत्येक वर्षीच्या कागदावर ते होतं. मी म्हटलं, "हे पण शास्त्रात बसतं काय?" म्हणाला, "शेरा लिहायला जागा असते."

मग ही शेवटची भाऊबीज. मी पाट मांडला नव्हता. त्यानंच दारामागचा पाट काढला, फडक्यानं पुसला, त्या जागी मांडला आणि त्यावर बसला. मी म्हटलं, "अरे, ओवाळणार कोण? मी?" तो म्हणाला, "नको दाजी. नुसतं बसू द्या." ओवाळायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो हात मांडीवर ठेवून बसला आणि उठला. मला आता वाटतं, ओवाळलं असतं तर काय बिघडलं असतं. निरांजन फळीवरच होतं. पण पुरुषानं ओवाळायचं नसतं एवढंच डोक्यात बसलेलं. मग टेप, झोळ, आरडाओरडा, ते सगळं वर सांगितलंच आहे.

मोजणी झाल्यावर आम्ही तुळशीपाशी चहा घेत बसलो. ह्या वेळी तो दमलेला दिसत होता. कप बशीत ठेवून म्हणाला, "दाजी, एक सांगायचं राहिलंय. हा ठिपका इथं होता." आणि तुळशीच्या कट्ट्याशेजारी, जिथं ही रांगोळी काढायची तिथं त्यानं काठी टेकवली.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुठला?

"स्वयंपाकघरातला. तो स्वयंपाकघरात नव्हताच. इथं होता. मी इथं उभा राहिलो, आणि दारातून आत पाट दिसला. रांगोळी काढलेली, तबक तयार, आणि बसायला कुणी नाही. ताई म्हणाल्या, कोण पाहिजे. मी तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं." मग म्हणाला, "आयुष्यात एकदाच सरकवला."

मी त्याच्या काठीकडं बघत राहिलो. तिथून सगळ्यात जवळचं झाड म्हणजे बाजूचा चिकू, माझ्या वडिलांनी लावलेला. कढीलिंब तिथून लांब, घराच्या मागं. तोच पुढं बोलला. "अभ्यास आता संपवून द्यायचाय. एक खोटा ठिपका ठेवून मला जायचं नाही. उद्या सकाळी येतो. तुम्ही इथं एक खुंटी ठोकून ठेवा. इथनं मोजू आणि कागद दुरुस्त करू."

म्हणजे कढीलिंब कागदावरनं जाणार होता आणि त्याच्यापुढचं कंसातलं 'ताईंचा' पण. ते मला लगेच कळलं. आणि दुसरंही कळलं, की ज्या माणसाला भाजी निवडता येत नव्हती त्यानं आमचं घर निवडलं होतं. हिला निवडलं होतं. हे ऐकून मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. बरं केलंस एवढे दोन शब्द. ही असती तर तिनं अख्खी वाडी डोक्यावर घेतली असती, की बघा, माझा भाऊ आपोआप उगवलेला नाही. मी कप उचलले आणि आत जाऊन विसळायला लागलो. तो बाहेरनं म्हणाला, "येतो दाजी." मी आतनं म्हणालो, "टेप राहिलाय तुझा." तो म्हणाला, "राहू दे, उद्या लागणारच आहे." रिक्षाचा आवाज आला आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं ते टेपचं.

सकाळी मी लवकर उठलो. अंगण झाडलं. शेवग्याची एक फांदी तोडून खुंटी केली आणि त्यानं काठी टेकवली होती तिथं ठोकली. शब्द दिला नव्हता, पण त्यानं सांगितलं होतं. मनाशी ठरवलं होतं की तो आला की आधी बोलायचं, मग टेप धरायचा. दोघांचा चहा टाकला तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या इमारतीतले शेजारी होते. त्याच्या मोबाइलमध्ये 'दाजी' नावानं माझा नंबर सापडला म्हणाले. दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं उघडलं. झोपेतच गेला होता. तुम्ही त्यांचे कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहिणीचा नवरा. मुलाला फोन केला, तो म्हणाला गाडी घेऊन येतो, तोवर तयार राहा.

मी शर्ट घातला आणि अंगणात गेलो. खुंटी हलवून हलवून उपटली, आणि भोक पायानं बुजवलं. मग स्वयंपाकघरात आलो. पाट अजून तिथंच होता, काल त्यानं मांडलेला. तो बाजूला सारला. हिचा रांगोळीचा डबा फळीवर मागं गेलेला, झाकण घट्ट बसलेलं, ते चमच्यानं उचकटलं. मला रांगोळी येत नाही. चिमटीत धरली तर अर्धी बोटांतनंच गळाली. फरशीवर, पाटाच्या जागी, एक ठिपका घातला. वाकडा आला, पण ठिपका वाकडा आला तरी ठिपकाच असतो.

चार-दोन पावलांची चूक यंत्रातच असते, असं तोच सांगायचा. तुळशीपासून पाटापर्यंत त्याहून जास्त भरेल, कदाचित बरंच जास्त. टेप समोर ओट्यावर पडला होता. मी मोजलं नाही.